फितीचा मायक्रोफोन आणि वाद्यांची बैठक

विसाव्या शतकाच्या पहिल्या वीस वर्षांत लंडन, बर्लिन किंवा न्यूयॉर्क येथील एखाद्या ध्वनिमुद्रणशाळेत कोणी डोकावला असता, तर वाद्यवृंदाची मोठी केविलवाणी स्थिती त्याच्या दृष्टीस पडली असती. खोली लहान. तिच्या एका भिंतीतून पत्र्याचा लांब कर्णा पुढे आलेला. त्या कर्ण्याच्या तोंडाशी व्हायोलिनवादक एकमेकांच्या कोपरांचे धक्के खात दाटीवाटीने बसलेले. त्यांच्या हातांतील व्हायोलिनेही पुष्कळदा नेहमीची नसत. ऑगस्टस स्ट्रो यांनी लाकडी पेटी काढून तिच्या जागी पडदा आणि धातूचा कर्णा बसवलेली ती वाद्ये दिसण्यात व्हायोलिनपेक्षा तुतारीच्या नात्यातली वाटत. डबल बास हे खर्जाचे भले मोठे तंतुवाद्य तबकडीवर नीट उमटतच नसे, म्हणून त्याचे काम ट्यूबा या पितळी वाद्याकडे सोपवले जाई. फ्रेंच हॉर्नचे तोंड मागे वळलेले असते. तेव्हा ते वाजवणारे कर्ण्याकडे पाठ करून बसत आणि संचालकाचे हात त्यांना आरशात पाहावे लागत. मोठ्या ढोलाला तर बहुधा मज्जावच असे. गाणारा तार सप्तकात चढू लागला, की कर्ण्यापाशी उभा असलेला माणूस त्याला दंडाला धरून मागे ओढी आणि स्वर उतरला की पुन्हा पुढे लोटी.

आज हे हास्यास्पद वाटते. परंतु त्यामागील अडचण खरी होती. कर्ण्यात शिरलेल्या ध्वनीच्या अंगी जेवढे बळ असेल, तेवढ्याच बळावर मेणाच्या तबकडीत खाचा कोरायच्या होत्या. मदतीला दुसरी कोणतीही शक्ती नव्हती. १९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला आले आणि तेथील एका हॉटेलात त्यांनी गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले, तेही असल्याच कर्ण्यासमोर. कोणी कोठे बसावे हा प्रश्न त्या काळातही होताच. पण त्याचे उत्तर यंत्र देई आणि वादक ते निमूटपणे पाळी. हा संबंध पालटला तो पुढे तीस वर्षांनी, आणि त्या पालटात ॲल्युमिनियमच्या एका पातळ फितीचा वाटा मोठा आहे.

मध्यंतरी वीज आली होती. १९२५ मध्ये अमेरिकेतील व्हिक्टर आणि कोलंबिया या कंपन्यांनी वेस्टर्न इलेक्ट्रिकची विद्युत्‌मुद्रणाची पद्धत स्वीकारली आणि कर्णा अडगळीत गेला. मायक्रोफोनमधून निघालेला क्षीण प्रवाह वाटेल तेवढा वाढवता येऊ लागला. कुजबुज मुद्रित होऊ लागली. डबल बासही आपल्या जागी परत आला. तथापि त्या पहिल्या पिढीच्या मायक्रोफोनांना एक खोड होती: ते कमीअधिक प्रमाणात चहूकडचे ऐकत. समोरच्या सनईइतकेच मागच्या भिंतीवरून परतलेले निनादही त्यांना प्रिय. संगमरवराच्या ठोकळ्यात कोळशाचे कण भरून केलेला राइस यांचा मायक्रोफोन युरोपातील नभोवाणी-केंद्रांवर बराच काळ राबला. त्याच्या पार्श्वभूमीला एक सततची खरखर असे. निनादाला आवर घालण्यासाठी स्टुडिओच्या भिंतींवर जाड पडद्यांच्या घड्या सोडल्या जात. त्याचा परिणाम असा होई, की वाद्यांभोवतीची हवाच मेल्यासारखी होई. बोलपट निघाले तेव्हा तर कॅमेऱ्याच्या घरघरीने ध्वनिमुद्रकांना सळो की पळो करून सोडले. जे नको ते न ऐकणारा कान हवा होता.

तो कान तयार करण्याचे श्रेय प्रामुख्याने हॅरी ओल्सन यांच्याकडे जाते. मूळ कल्पना जर्मनीतली. सीमेन्स कंपनीत वॉल्टर शॉटकी आणि एर्विन गेर्लाख यांनी १९२४ च्या सुमारास चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये धातूची फीत टांगून पाहिली होती. आयोवा विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन १९२८ साली आर. सी. ए. कंपनीत दाखल झालेल्या तरुण ओल्सन यांनी तिला वापरण्याजोगे रूप दिले. १९३१ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि त्यानंतर लवकरच ‘४४-ए’ हा मायक्रोफोन बाजारात आला. अमेरिकन नभोवाणीच्या जुन्या छायाचित्रांत गायकाच्या तोंडासमोर जी मोठी, कोन मारलेली, जाळीदार पेटी दिसते, ती याच कुळातली.

त्या पेटीच्या पोटात जे असते ते पाहिले म्हणजे नवल वाटते. सुमारे दोन इंच लांबीची, बोटाच्या नखाहून अरुंद अशी ॲल्युमिनियमची फीत. तिची जाडी दोन-अडीच मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचा साधारण तिसावा भाग. पन्हाळी पत्र्याप्रमाणे तिला बारीक चुण्या घातलेल्या असतात आणि ती दोन टोकांना सैलसर पकडलेली असते. दोन्ही अंगांना प्रबळ चुंबकाचे ध्रुव. हवा हलली की फीत हलते, फीत हलली की तिच्यात सूक्ष्म विद्युत्‌प्रवाह उत्पन्न होतो. ताणलेला पडदा नाही, वेटोळे नाही, कोळसा नाही. फीत इतकी हलकी, की हवेच्या कणांची चाल ती जवळपास जशीच्या तशी उचलते. म्हणून अमेरिकेत या यंत्राला वेगाचा मायक्रोफोन असे नाव पडले.

पण या रचनेचा खरा गुण हलकेपणात नाही. इतर बहुतेक मायक्रोफोनांत पडद्याची एकच बाजू हवेला उघडी असते. मागची बाजू डबीत बंद. फितीच्या दोन्ही बाजू उघड्या असतात. समोरून ध्वनी आला तर पुढच्या आणि मागच्या बाजूंवरील दाबांत क्षणमात्र फरक पडतो आणि त्या फरकाने फीत ढकलली जाते. मागून आला तरी तसेच. परंतु ध्वनी नेमका कडेने, फितीच्या धारेच्या दिशेने आला, तर तो दोन्ही बाजूंना एकाच क्षणी पोहोचतो. दाब सारखे, ओढ सारखी, आणि फीत जागची हलत नाही. तिच्या श्रवणाची आकृती काढली तर इंग्रजी आठाचा आकडा होतो. पुढे एक वर्तुळ, मागे एक वर्तुळ, आणि दोन्ही कडांना निखळ बहिरेपणा.

ध्वनिमुद्रणाच्या इतिहासात या बहिरेपणाचे मोल ऐकण्याच्या शक्तीहून अधिक ठरले, असे म्हणण्यास हरकत नाही. खोलीत चहूकडून येणाऱ्या निनादापैकी फीत केवळ एक-तृतीयांश शक्ती उचलते. याचा व्यवहारातला अर्थ असा, की सर्व दिशांचे ऐकणारा मायक्रोफोन वाद्यापासून १० फुटांवर ठेवून निनादाचे जे प्रमाण मिळते, तेच प्रमाण फितीचा मायक्रोफोन सुमारे १७ फुटांवर ठेवून मिळते. यंत्राला वादकांपासून दूर सरता आले. कोपरांचे धक्के संपले. भिंतींवरचे पडदेही पुष्कळसे उतरवता आले. कारण खोलीचा आवाज आता शत्रू राहिला नव्हता, तो हवा तेवढाच आत घेता येत होता.

मग बैठकीचे एक नवेच शास्त्र उभे राहिले. बहिरी कड कोणाकडे करावी? अर्थात सर्वांत दांडग्या वाद्याकडे. ढोल-ताशांचा ताफा फितीच्या कडेच्या रेषेत बसवला, की तो वाजत असतानाही जणू शेजारच्या खोलीत गेल्यासारखा होई. तेथून त्याला थोडे थोडे पुढे सरकवून हवा तेवढा आवाज घ्यायचा. भूमितीचा नियम सरळ आहे: फितीच्या समोरच्या रेषेपासून ६० अंश सरकलेले वाद्य निम्म्या जोराने ऐकू येते, ९० अंशांवर ते नाहीसे होते. शिवाय मागची बाजूही पुढच्याइतकीच जागी. त्यामुळे गायक एका बाजूला आणि तंतुवाद्ये दुसऱ्या बाजूला, अशी समोरासमोर बैठक मांडता येई. कलावंतांना एकमेकांचे डोळे दिसत, ही केवढी सोय! नभोनाट्यांत तर नटांनी या आकृतीचा फारच चतुराईने उपयोग केला. संवाद बोलत बोलत नट मायक्रोफोनच्या बहिऱ्या कडेकडे एक पाऊल सरके आणि श्रोत्यांना तो रस्त्यावर निघून गेल्याचा भास होई. आपल्याकडील बैठकीचा विचार केला, तर गवयाच्या पुढ्यात ठेवलेल्या फितीला डावी-उजवीकडचे साथीदार तिरके पडतात आणि आपोआपच गवयापेक्षा हलके ऐकू येतात. साथीने साथीच्याच जागी राहावे, ही आपल्या जुन्या बुजुर्गांची अपेक्षा या यंत्राला ठाऊक होती म्हणावयाची.

प्रत्येक वाद्याशी फितीचे वागणे मात्र वेगळे. पितळी सुषिर वाद्यांवर तिचा विशेष जीव. ट्रम्पेट किंवा ट्रॉम्बोन जवळून ऐकले तर त्यांच्या वरच्या स्वरांशांना एक धारदार, कानाला टोचणारी झाक असते. पुष्कळ मायक्रोफोन ती झाक आणखी वाढवून सांगतात. फीत अतितार कंपनांकडे किंचित काणाडोळा करते आणि तो स्वर तांब्याच्या भांड्यासारखा गोल होऊन येतो. पण याच वाद्यांच्या फुंकीने तिचा जीवही जाऊ शकतो. म्हणून वादकाला पाच-सहा फूट दूर उभे करावयाचे आणि मायक्रोफोनचे तोंड थोडे तिरके ठेवावयाचे, म्हणजे हवेचा झोत फितीवर न आदळता बाजूने निसटून जातो. बासरीचे तसेच, तेथे मायक्रोफोन वादकाच्या ओठांसमोर न ठेवता डोक्याच्या उंचीहून वर धरणे शहाणपणाचे. मायक्रोफोन चालू आहे की नाही हे फुंकर मारून पाहण्याची सवय पुष्कळांना असते. फितीच्या बाबतीत ती सवय म्हणजे यंत्राला फाशीच देणे होय. तिची एवढी काळजी घ्यावी लागे, की मायक्रोफोन एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेताना त्यावर कापडी पिशवी चढवावी लागे, कारण चालण्याच्या वाऱ्यानेही फीत ताणली जाते. आणि ठेवायचा तो उभाच. आडवा ठेवला तर स्वतःच्या भाराने ती झोळीसारखी लोंबते.

व्हायोलिनची गोष्ट अधिक नाजूक आहे. या वाद्याचे तार स्वरांश मुख्यतः त्याच्या वरच्या फळीच्या रोखाने, म्हणजे वर आणि वादकाच्या उजव्या अंगाला फेकले जातात; खर्जाचे अंश मात्र सगळीकडे पसरतात. मायक्रोफोन फळीच्या रोखात उंचावर टांगला तर स्वर उजळ येतो, गजाची घासही येते. बाजूला घेतला तर स्वर मऊ, पण थोडा झाकोळलेला. येथे फितीची लांबीही आड येते. सेकंदाला १०,००० कंपने असलेल्या ध्वनीची लहर दीड इंचाहूनही आखूड असते, आणि फीत त्याहून लांब. ध्वनी वरून तिरका आला तर फितीच्या वरच्या टोकाला लहरीचा चढ आणि खालच्या टोकाला उतार असे होऊन त्या दोघांची वजाबाकी होते. मायक्रोफोन नुसता मागे कलता केला, की व्हायोलिनची धार बोथट होते. तज्ज्ञ मंडळी हा दोष औषधासारखा वापरीत. स्वर कर्कश वाटला की मायक्रोफोन जरा मान वर करून बघू लागे.

याखेरीज फितीचे आणखी एक वैशिष्ट्य होते, आणि त्याने संगीताची एक नवी चालच रूढ होण्यास हातभार लावला. उगमस्थान फितीच्या फार जवळ आले, की खर्जाचे स्वर प्रमाणाबाहेर फुगतात. ध्वनीच्या लहरी उगमाजवळ वेगाने पसरत असतात. त्यामुळे फितीच्या पुढचा आणि मागचा दाब यांतील फरक, विशेषतः मंद कंपनांच्या बाबतीत, अवास्तव वाढतो. जवळिकीचा हा परिणाम वाद्यमुद्रणात बहुधा डोकेदुखीच ठरे. गिटार दोन फुटांच्या आत आणले की तिचे पोट घुमू लागे, चेलो तर गुहेतून वाजल्यासारखा होई. त्यामुळे वाद्याला तीन-चार फुटांच्या आत येऊ देऊ नये, असा दंडक पडला. गायकांनी मात्र या दोषाला मिठी मारली. बिंग क्रॉस्बी आणि त्यांच्या मागून आलेले मंद्र, कुजबुजत्या सुरात गाणारे गायक यांच्या आवाजात जी ऊब आढळते, तिच्यातला काही अंश गळ्याचा आणि काही अंश फितीचा आहे. किती कोणाचा, हे वेगळे काढणे कठीण.

इंग्लंडमध्ये बी. बी. सी. ला फितीची थोरवी लगेच पटली. अडचण किमतीची होती. अमेरिकन मायक्रोफोन महाग पडत. तेव्हा तेथील अभियंत्यांनी मार्कोनी कंपनीच्या सहकार्याने स्वतःचाच ‘टाइप ए’ तयार केला. तो १९३४ मध्ये वापरात आला आणि पुढे अनेक सुधारणांसह दोन दशके बी. बी. सी. च्या आवाजाची ओळख बनून राहिला. मात्र यंत्रापेक्षाही तेथील पद्धत लक्षात घेण्यासारखी आहे. वाद्यवृंदातील समतोल राखण्याचे काम त्या संस्थेने केवळ तंत्रज्ञांवर न सोपवता संगीत जाणणाऱ्या माणसांकडे दिले, आणि त्यांचा कल असा, की शक्य तोवर संपूर्ण वृंद एकाच मायक्रोफोनने घ्यावा. वृंदसंचालकाने जो मेळ जमवला आहे, तो मोडण्याचा अधिकार कोणालाही नाही. यंत्राने योग्य जागा शोधून गप्प बसून ऐकावे, ही त्यामागची भूमिका. मग त्या एका जागेसाठी तास न् तास खर्ची पडत. मायक्रोफोन फूटभर वर, फूटभर मागे. दुसऱ्या रांगेतील क्लॅरिनेट एक पायरी उंच.

अमेरिकेत अनेक मायक्रोफोन लावून त्यांचे मिश्रण करण्याकडे ओढा वाढत होता. त्यात सोय होती. एखादे वाद्य दबले, तर त्याच्याजवळ आणखी एक मायक्रोफोन उभा करावा आणि खिटी फिरवावी. परंतु त्याची किंमत मोजावी लागे. एकच व्हायोलिन दोन मायक्रोफोनांना वेगवेगळ्या क्षणी पोहोचते. दोन्ही प्रवाह एकत्र झाले, की काही स्वर फुगतात, काही मावळतात. फितीच्या बाबतीत तर आणखी गंमत. तिच्या पाठीमागून आलेल्या ध्वनीचा प्रवाह पुढच्याच्या नेमका उलटा असतो. एका मायक्रोफोनच्या पुढे आणि दुसऱ्याच्या मागे असे एखादे वाद्य बसले, तर ते दोन प्रवाह एकमेकांना खाऊन टाकतात आणि वाजणारे वाद्य कानाला पोकळ, भुतासारखे ऐकू येते.

हा वाद केवळ तांत्रिक नव्हता. मेळ कोणाचा, संचालकाचा की काचेमागे बसलेल्या माणसाचा, हा त्यातला खरा प्रश्न होता. लिओपोल्ड स्टोकोव्स्की यांच्याविषयी एक आख्यायिका सांगतात. नभोवाणीवर कार्यक्रम करताना आवाज कमीजास्त करणाऱ्या खिट्या आपल्या हाती असल्या पाहिजेत, असा त्यांनी हट्ट धरला. तंत्रज्ञांनी त्यांच्यापुढे एक फळी ठेवून दिली, पण तिच्या तारा कोठेच जोडल्या नव्हत्या! ही कथा कितपत खरी असेल ती असो. तिच्या पुढचा भाग मात्र इतिहासात नमूद आहे. २७ एप्रिल १९३३ रोजी फिलाडेल्फियातील वाद्यवृंदाचे वादन तीन स्वतंत्र वाहिन्यांवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात पोहोचवण्याचा प्रयोग बेल प्रयोगशाळेने केला. त्या रात्री संचालनाची छडी अलेक्झांडर स्मॉलेन्स यांच्या हाती होती. स्वतः स्टोकोव्स्की वॉशिंग्टनमध्ये खिट्यांपाशी बसले होते. तेथील मायक्रोफोन फितीचे नव्हते, पण प्रश्न तोच. जगद्विख्यात संचालक आपला वृंद दुसऱ्याच्या हवाली करून यंत्रापाशी जाऊन बसतो, यावरून सत्तेचे ठिकाण कोठे सरकले होते ते ध्यानात येते.

मायक्रोफोनची जागा कितीही साधली तरी खोलीत जे नाही ते त्यातून येत नाही. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमधील एन. बी. सी. च्या ‘८-एच’ या स्टुडिओत १९३७ च्या नाताळच्या रात्री आर्तुरो तोस्कानिनी यांच्या कार्यक्रमांची मालिका सुरू झाली. वृंद निवडक, संचालक अद्वितीय, यंत्रसामग्री अद्ययावत. पण स्टुडिओची रचनाच कोरडी. स्वर सुटला की जागच्या जागी संपे. तेथे मुद्रित झालेल्या तबकड्यांतून प्रत्येक वाद्य हाडासारखे स्वच्छ ऐकू येते, पण त्यांच्याभोवती श्वास घ्यायला हवा नाही. तोस्कानिनींच्या चाहत्यांनी त्याबद्दल आजवर हळहळ व्यक्त केली आहे, आणि ती रास्त आहे.

खोलीची हवाच मुद्रित करण्याचा उपाय ज्यांनी शोधला, त्यांचे नाव ॲलन ब्लमलाइन. १९०३ मध्ये लंडनला जन्मलेले हे अभियंते ई. एम. आय. कंपनीत काम करीत. बोलपट पाहताना नट पडद्याच्या एका टोकाला आणि त्याचा आवाज दुसरीकडून, हे त्यांना खटकले, अशी हकीकत सांगितली जाते. १४ डिसेंबर १९३१ रोजी त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. १९३३ साली मंजूर झालेल्या त्या पेटंटात ७० दावे आहेत. आज ज्याला स्टिरिओ म्हणतात त्याचा जवळजवळ सगळा पाया त्यात सापडतो. एकाच खाचेच्या दोन भिंतींवर दोन वाहिन्या कोरण्याची युक्तीही त्यातलीच.

वाद्यांच्या बैठकीच्या दृष्टीने त्यातला सर्वांत सुंदर भाग दोन फितींचा आहे. दोन मायक्रोफोन एकावर एक, एकाच जागी ठेवायचे. एकाचे तोंड ४५ अंश डावीकडे, दुसऱ्याचे ४५ अंश उजवीकडे. म्हणजे दोन्ही फिती काटकोनात. आता वृंदाच्या डाव्या टोकाचे वाद्य डाव्या फितीच्या अगदी समोर येते आणि त्याच वेळी उजव्या फितीच्या नेमक्या बहिऱ्या कडेत पडते. ते फक्त डावीकडे ऐकू येते. उजव्या टोकाचे वाद्य याच्या उलट. मध्यभागी बसलेला वादक दोन्हींना सारखा. मधल्या कोणत्याही जागेवरचे वाद्य दोन वाहिन्यांत अशा हिशेबाने वाटले जाते, की दोन्हींतील शक्तीची बेरीज कधीच बदलत नाही. शाळेतील त्रिकोणमितीत साइन आणि कोसाइन यांच्या वर्गांची बेरीज एक असते, असे पाठ केलेले असते. त्या सूत्राचा याहून संगीतमय उपयोग सापडणे अवघड आहे. दोन्ही फिती एकाच जागी असल्याने ध्वनी त्यांना एकाच क्षणी भेटतो. अनेक मायक्रोफोनांच्या मिश्रणातली फुगवट आणि ओहोटी येथे उद्भवतच नाही. फितींच्या पाठीमागच्या बाजूंनी सभागृहाचा निनाद आत येतो. जो बहिरेपणा पूर्वी नको ते टाळण्यासाठी वापरला होता, त्यानेच आता प्रत्येक वादकाला त्याची जागा मिळवून दिली.

१९३४ च्या जानेवारीत लंडनच्या ॲबी रोड येथील स्टुडिओत सर टॉमस बीचम लंडन फिलहार्मोनिक वृंदाकडून मोत्झार्टच्या ज्युपिटर सिंफनीची तालीम करून घेत असताना ब्लमलाइन यांनी तिचे दोन वाहिन्यांचे मुद्रण केले. पुढच्या वर्षी त्यांनी हेज स्टेशनवर येणाऱ्या-जाणाऱ्या आगगाड्यांचा एक लहान बोलपट काढला. पडद्यावर गाडी जिकडे जाते तिकडे तिचा खडखडाटही जातो. परंतु कंपनीला या साऱ्यात तातडीचा व्यापार दिसला नाही. मग युद्ध आले. ७ जून १९४२ रोजी शत्रुप्रदेश अंधारातही दाखवणाऱ्या रडारची चाचणी घेताना ब्लमलाइन ज्या हॅलिफॅक्स विमानात होते ते कोसळले आणि विमानातील अकराही जण ठार झाले. त्यांचे वय अवघे ३८ होते. युद्धाच्या गुप्ततेमुळे या मृत्यूचा गाजावाजा झाला नाही. त्यांच्या तत्त्वावर आधारलेल्या स्टिरिओ फिती ई. एम. आय. ने विक्रीस काढल्या त्या १९५५ मध्ये, आणि स्टिरिओ तबकड्या १९५८ मध्ये.

तोवर फितीच्या मायक्रोफोनला उतरती कळा लागली होती. युद्धोत्तर जर्मनीतून आलेले नॉइमान यांचे कंडेन्सर मायक्रोफोन अधिक तिखट कानाचे होते. दूरचित्रवाणीला हलके, वाऱ्याला न भिणारे यंत्र हवे होते. आणि फितीचा नाजूकपणा व्यवहारात जाच वाटू लागला होता. आर. सी. ए. ने पुढे मायक्रोफोन बनवणेच सोडून दिले. अपवाद एकच, आणि तो ठळक. शॉर्टर आणि हारवुड या बी. बी. सी. च्या अभियंत्यांनी १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत आकाराने लहान असा नवा फितीचा मायक्रोफोन आखला. तो ‘४०३८’ या क्रमांकाने बाजारात आला. बीटल्सच्या सुरुवातीच्या मुद्रणांत ॲबी रोडच्या तंत्रज्ञांनी तोच ढोलांच्या वर टांगला होता. म्हणजे ज्या वाद्याला कर्ण्याच्या काळी दाराबाहेर ठेवीत आणि ज्याला फितीच्या पहिल्या जमान्यात बहिऱ्या कडेला बसवीत, त्याच्याच माथ्यावर शेवटी फीत जाऊन बसली. झांजांची कर्कश झळाळी तिने सौम्य केली, हे त्याचे कारण. १९९० नंतर अंकीय मुद्रणाच्या लखलखीतपणाला कान विटले, तेव्हा अमेरिकेत फितीचे नवे मायक्रोफोन पुन्हा तयार होऊ लागले. १९९८ साली रॉयर कंपनीने काढलेला ‘आर-१२१’ हा त्यांतला विशेष नावाजलेला. ‘४०३८’ तर कोल्स कंपनीकडून आजही मिळतो.

हे नवे मायक्रोफोन वापरणारे तरुण ध्वनिमुद्रक वादक येण्यापूर्वी रिकाम्या स्टुडिओत एक लहानसा विधी करतात. एक जण कानाला श्रवणयंत्र लावून डोळे मिटून बसतो. दुसरा टाळ्या वाजवीत मायक्रोफोनभोवती सावकाश फेरी घालतो. टाळी क्षीण होत होत जेथे अगदी मावळते, तेथे बसलेला मनुष्य हात वर करतो. मग खडूने जमिनीवर तेथे फुली मारतात आणि ढोलवाल्याची खुर्ची आणायला सांगतात.